पंडित विष्णु दिगंबर पलुसकर

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रातील एखाद्या मुलाचा गळा गोड निघाला, तर त्याच्या आईबापांना आनंदापेक्षा चिंताच अधिक वाटे. पोर गाण्याच्या नादी लागले म्हणजे वाया गेले, अशी त्या काळची समजूत होती. आणि एखाद्या बापाने मन मोठे करून मुलाला गाणे शिकविण्याचे ठरविले, तरी शिकवावयाचे कोठे, हा प्रश्न उरेच. इंग्रजी शिकण्यास शाळा होती, वेद शिकण्यास पाठशाळा होती, मल्लविद्येसाठी तालीम होती. गायनासाठी मात्र ज्याचा दरवाजा ठोठवावा असे घर क्वचितच सापडे. ही विद्या निरनिराळ्या घराण्यांतील उस्तादांच्या आणि बुवांच्या कंठात होती. ती लिहून ठेवलेली नव्हती. ती मिळवावयाची तर गुरूच्या घरी राहावे, पाणी भरावे, बाजारहाट करावी आणि गुरूची मर्जी कधी प्रसन्न होईल त्याची वाट पाहावी. कित्येकांची उमेदीची वर्षे या प्रतीक्षेतच सरून जात. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांनी ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात आणली, ती याच मार्गाने. त्यांनी गाण्यासाठी घर सोडले, देशोदेशी हिंडून हालअपेष्टा काढल्या आणि अखेर ग्वाल्हेरीस वासुदेवबुवा जोशी यांच्या चरणांशी ही विद्या संपादन केली. बाळकृष्णबुवांएवढी चिकाटी ज्यांच्यापाशी नव्हती, अशी किती गोड गळ्याची मुले मागे राहिली असतील, त्यांची गणती कोणी ठेवलेली नाही.

अशा काळी, 18 ऑगस्ट 1872 रोजी, कुरुंदवाड येथे विष्णु दिगंबर यांचा जन्म झाला. कुरुंदवाड हे आज कोल्हापूर जिल्ह्यात असलेले गाव त्या वेळी एका लहानशा संस्थानची राजधानी होते. त्यांचे घराणे मूळचे पलूस गावचे. त्यावरून पलुसकर हे आडनाव पडले. वडील दिगंबरपंत हे कीर्तनकार होते. त्यामुळे पदे, अभंग आणि आर्या यांचे सूर विष्णूच्या कानांवर लहानपणापासून पडत. मुलगा शाळेत जात होता. पुढे तो चार बुके शिकून संस्थानात एखादी नोकरी धरील, किंवा वडिलांप्रमाणे कीर्तनास उभा राहील, एवढीच कोणाचीही अपेक्षा असणार.

कुरुंदवाडजवळच कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर नरसोबाची वाडी हे दत्तक्षेत्र आहे. दत्तजयंतीला तेथे मोठा उत्सव भरतो. एके वर्षी या उत्सवात शोभेच्या दारूकामातील एक फटाका विष्णूच्या तोंडाजवळ फुटला आणि त्याचे डोळे भाजून निघाले. जवळपास योग्य उपचार मिळण्याची सोय नव्हती. प्राण वाचले, पण दृष्टी कायमची अधू झाली. पुस्तकातील अक्षर दिसेना, तेव्हा शाळा सुटली. पुढे पन्नासाहून अधिक पुस्तके सिद्ध करणाऱ्या या पुरुषाला बालपणीच वाचन सोडावे लागले होते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

औषधोपचारासाठी विष्णूला मिरजेस आणण्यात आले. तेथील डॉक्टर भडभडे यांनी त्याच्या डोळ्यांवर इलाज केला. पण गेलेली दृष्टी परत येण्यासारखी नव्हती. मुलाचा आवाज मात्र त्यांच्या ध्यानात आला. ज्याला डोळ्यांनी विद्या घेता येत नाही त्याने ती कानांनी घ्यावी, या विचाराने त्यांनी गायन शिकविण्याचा सल्ला दिला. योगायोग असा की, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर हे त्या वेळी मिरजेसच होते. संस्थानिकांनी विष्णूच्या राहण्याची आणि शिक्षणाची व्यवस्था लावून दिली. ज्या विद्येसाठी गुरूला ग्वाल्हेर गाठावी लागली होती, ती शिष्याला जवळच्या गावी लाभली. त्यासाठी मात्र एक अपघात, एक जाणता डॉक्टर आणि एक उदार राजा एवढे सारे एकत्र यावे लागले.

मिरजेस विष्णूने दहा वर्षांहून अधिक काळ अभ्यास केला. पहाटेपासून तंबोऱ्यावर षड्ज लावावा, एकेक पलटा शेकडो वेळा घोटावा, गुरूंच्या मागे बसून साथ करावी, असा त्या काळच्या शिष्याचा क्रम असे. गुरू समोर गातील ते कानांत साठवावयाचे. लिहून घेण्याची सोय नाही आणि पुन्हा विचारण्याचे धैर्यही सहसा नाही. या तपश्चर्येतून विष्णूचा आवाज खणखणीत आणि पल्लेदार झाला. बाळकृष्णबुवांच्या शिष्यवर्गात त्यांचे नाव घेतले जाऊ लागले.

याच काळातील एक आठवण सांगितली जाते. गावातील एका समारंभाचे निमंत्रण विष्णूला आले. कारण त्याच्यावर संस्थानिकांची कृपा होती. बाळकृष्णबुवांना मात्र बोलावणे नव्हते. विष्णूने कारण विचारले, तेव्हा बुवा हे काय, एक गवईच, अशा अर्थाचे उत्तर त्याला मिळाले. ज्या गुरूंनी आयुष्य वेचून ही विद्या मिळविली, त्यांना गावच्या प्रतिष्ठित मंडळींत बसण्याचाही मान नसावा, ही गोष्ट तरुण विष्णूच्या मनाला फार लागली. गाण्याला राजवाड्यात किंमत होती आणि गवयाला समाजात नव्हती.

1896 मध्ये विष्णु दिगंबरांनी मिरज सोडली. एखाद्या संस्थानात दरबारी गवई होऊन सुखाने राहणे त्यांना अशक्य नव्हते. त्यांनी तो मार्ग धरला नाही. एक-दोन सोबती बरोबर घेऊन ते औंध, सातारा या मार्गाने बडोद्यास गेले आणि तेथून सौराष्ट्रात उतरले. सौराष्ट्रात त्यांनी एक गोष्ट अशी केली की, जी आज अगदी साधी वाटेल. अल्प दर ठेवून त्यांनी सर्व लोकांसाठी गायनाची जाहीर बैठक भरविली. तोवर ख्यालगायन ऐकावयाचे तर दरबारात प्रवेश हवा, श्रीमंताच्या दिवाणखान्याचे निमंत्रण हवे, किंवा देवळातील उत्सव हवा. दाराशी पैसे मोजून कोणाही दुकानदाराने, कारकुनाने अथवा विद्यार्थ्याने आत येऊन बसावे, हा प्रकार नवा होता. या बैठकीने गवयाचा पोशिंदा बदलला. राजाच्या लहरीवर जगण्याऐवजी त्याला लोकांच्या आवडीवर जगता येईल, हे विष्णु दिगंबरांना येथे उमगले.

गिरनार पर्वतावर त्यांना एक साधू भेटला आणि त्याने त्यांना उत्तरेकडे जाण्यास सांगितले, अशी कथा आहे. कथा कशीही असो, ते उत्तरेकडे गेले हे खरे. ग्वाल्हेर पाहून ते मथुरेस काही काळ राहिले. ख्याल आणि ध्रुपदांचे बोल बहुधा ब्रजभाषेत असतात. महाराष्ट्रातील कित्येक गवयांना त्यांचा अर्थ ठाऊक नसे. शब्द तोंडपाठ असत, तेही पुष्कळदा मोडूनतोडून. विष्णु दिगंबरांनी मथुरेस ही भाषा शिकून घेतली आणि ध्रुपदाचाही अभ्यास केला. नाव झालेल्या गवयाने पुन्हा विद्यार्थी होऊन बसावे, याला मनाचा मोठेपणा लागतो. तेथून दिल्ली, जालंदर असे मुक्काम करीत ते पंजाबची राजधानी लाहोर येथे पोहोचले.

या लाहोर शहरात 5 मे 1901 रोजी त्यांनी गंधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. त्या वेळी त्यांचे वय अवघे 28 वर्षांचे होते. भाषा परकी, मुलूख परका, पाठीशी कोणी राजा नाही आणि हाती पुंजी नाही. याआधीही देशात गायनशाळा निघाल्या होत्या. परंतु त्यांतील नामांकित शाळा संस्थानिकांच्या आश्रयावर चालत. ही शाळा लोकांच्या वर्गणीवर, विद्यार्थ्यांच्या फीवर आणि स्वतः पंडितजींच्या जलशांच्या उत्पन्नावर चालावयाची होती. असे सांगतात की, पहिले काही दिवस शाळेत एकही विद्यार्थी आला नाही. ठरलेल्या वेळी पंडितजी दार उघडीत, तंबोरा जुळवीत आणि एकटेच रियाज करीत बसत; वेळ संपली की दार लावीत. शाळा भरली होती. फक्त मुले आली नव्हती! हळूहळू शहरातील सुशिक्षित लोकांचे लक्ष तिकडे वेधले, एकेक विद्यार्थी येऊ लागला आणि काही वर्षांतच लाहोरचे हे विद्यालय पंजाबभर नावाजले.

या शाळेत दोन प्रकारचे विद्यार्थी होते. काही जण फी देऊन ठरावीक वेळी शिकावयास येत. घरी गाता यावे एवढाच त्यांचा हेतू असे. दुसरा वर्ग उपदेशकांचा. हा वर्ग म्हणजे पंडितजींच्या कार्याचा कणाच होता. गळा आहे, आवड आहे, पण घरी पैसा नाही, अशा मुलांना ते या वर्गात घेत. जेवणखाण, निवास, कपडालत्ता आणि शिक्षण यांसाठी त्यांच्याकडून काही घेतले जात नसे. मात्र नऊ वर्षे शाळा सोडावयाची नाही, असे लेखी वचन पालकांकडून घेतले जाई. मुलाने मध्येच शिक्षण टाकून अर्धवट गवई होऊ नये, हा त्यातील उद्देश. शिक्षण पुरे झाल्यावर या तरुणांनी गावोगावी जाऊन संगीत शिकवावे, अशी पंडितजींची अपेक्षा होती. शिस्त कडक होती. पहाटे उठणे, रियाज, वर्ग, शाळेची कामे आणि पुन्हा रियाज यांत दिवस जाई. व्यसनाला थारा नव्हता. आठ-दहा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून इतकी वर्षे दूर राहणे सोपे गेले नसणार. परंतु ज्यांना कोणत्याही गुरूच्या दारात उभे राहण्याची ऐपत नव्हती, त्यांच्यासाठी हे एकच दार उघडे होते.

मिरजेचे विनायकराव पटवर्धन 1907 मध्ये लाहोरला दाखल झाले, तेव्हा ते अवघे नऊ वर्षांचे होते आणि त्यांना मिरज संस्थानची लहानशी शिष्यवृत्ती मिळत होती. गुजरातमधील एका अत्यंत गरीब घरातून आलेले ओंकारनाथ ठाकूर हेही पंडितजींच्याच आश्रयाने वाढले. वयाच्या विशीच्या आसपास गुरूंनी त्यांना लाहोरच्या विद्यालयाचे प्रमुख नेमले. पुढे हेच ओंकारनाथ काशी हिंदू विश्वविद्यालयात संगीतविभागाचे अध्वर्यू झाले. कोल्हापूरचे शंकरराव आणि नारायणराव व्यास हे बंधू, मिरजेचे बाळकृष्ण रघुनाथ देवधर, वामनराव पाध्ये अशी कितीतरी नावे या मालिकेत येतात.

वर्गात वीस-पंचवीस मुले असली म्हणजे गुरूने गावे आणि शिष्याने कानांत साठवावे, ही जुनी रीत अपुरी पडते. म्हणून पंडितजींनी स्वतःची स्वरलिपी तयार केली. स्वर कोमल आहे की तीव्र, तो मंद्र सप्तकातला की तार सप्तकातला, त्यावर किती मात्रा थांबावयाचे, हे सारे खुणांनी कागदावर दाखविता येऊ लागले. या लिपीत त्यांनी क्रमिक पुस्तके रचली, संगीतविषयक मासिक चालविले आणि पुस्तके छापण्यासाठी छापखानाही काढला. जी चीज मिळविण्यासाठी पूर्वी गुरूची वर्षानुवर्षे मनधरणी करावी लागे, ती काही आण्यांच्या पुस्तकात कोणालाही मिळू लागली. जुन्या गवयांपैकी काहींना हे रुचले नाही, यात नवल नाही. त्यांच्या शंकेत तथ्यही होते. श्रुतीचा सूक्ष्म भेद, मींडेतील लवचीकपणा कागदावर पुरता उतरत नाही. तो गुरूच्या गळ्यातूनच घ्यावा लागतो. याच काळात मुंबईचे पंडित विष्णु नारायण भातखंडे हेही दुसऱ्या वाटेने हेच कार्य करीत होते. त्यांनी देशभर हिंडून हजारो चिजा जमविल्या आणि संगीतशास्त्राची नव्याने मांडणी केली. त्यांची स्वरलिपी अधिक सोपी असल्याने पुढे तीच जास्त रूढ झाली.

शाळेतून मोठे गवई निघत नाहीत, असा आक्षेप पंडितजींवर पुष्कळदा घेतला जाई. त्यावर आपल्या शाळेतून तानसेन निघाले नाहीत तरी कानसेन निघाले म्हणजे पुरे, अशी त्यांची भूमिका होती, असे सांगतात. जाणता श्रोता असल्यावाचून गवई जगत नाही, हे त्यांनी सौराष्ट्रातील बैठकीपासून ओळखले होते. गृहस्थाश्रमी घरांतील स्त्रियांनाही गाणे शिकता यावे म्हणून त्यांनी व्यवस्था केली. त्या काळी ही मोठीच गोष्ट होती. चिजांतील शृंगारिक शब्द बदलून त्यांनी तेथे भक्तिपर शब्द योजिले, तेव्हा कोठे पांढरपेशा घरांनी गाण्याला दार उघडले. या सुधारणेत एक उणेपणही राहिला. शतकानुशतके ज्या उस्तादांनी आणि कलावंतिणींनी ही विद्या जिवापाड जपली, त्यांच्या वाट्याला गाण्याची ही नवी प्रतिष्ठा तेवढ्या प्रमाणात आली नाही.

1908 मध्ये पंडितजी मुंबईस आले आणि तेथे विद्यालयाची शाखा उघडली. विद्यार्थ्यांची संख्या वाढू लागली, तसे त्यांच्या मनात मोठ्या इमारतीचे विचार घोळू लागले. कर्ज काढून त्यांनी मुंबईत विद्यालयाची आणि वसतिगृहाची स्वतंत्र इमारत उभारली. कर्ज फेडण्याचा त्यांच्यापाशी एकच उपाय होता, तो म्हणजे गाणे. ते देशभर जलसे करीत हिंडत आणि मिळालेला पैसा विद्यालयाकडे पाठवीत. जलसा ठरल्या वेळीच सुरू होई; श्रोत्यांनी शांत बसावे, याविषयीही त्यांचा आग्रह असे. दुसऱ्या बाजूस राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनांतून ते वंदे मातरम् गात. रघुपति राघव राजाराम या धुनीला आज घरोघरी परिचित असलेली चाल त्यांनीच दिली, असे मानले जाते. महात्मा गांधींना आश्रमात संगीत शिकविणारा माणूस हवा होता, तेव्हा पंडितजींनी आपले शिष्य नारायण मोरेश्वर खरे यांना साबरमतीस पाठविले. 1930 मधील दांडीयात्रेत हेच खरे तंबोरा घेऊन चालत होते.

कर्जाचा डोंगर मात्र उतरला नाही. व्यवहारात पंडितजी तितके चतुर नव्हते, असेच म्हणावे लागते. फुकट शिकणाऱ्या मुलांचा खर्च, छापखाना आणि इमारत यांचा मेळ केवळ जलशांच्या उत्पन्नावर बसणे कठीण होते. 1924 साली ते दौऱ्यावर असताना सावकारांनी जप्ती आणली आणि विद्यालयाची इमारत लिलावात निघाली. एकेक बैठक गाऊन उभारलेले घर बोली लावणाऱ्यांच्या हाती गेले. ज्या विद्यार्थ्यांना तेथे छत्र मिळाले होते, ते पांगले. ज्या माणसाने डोळे जाऊनही धीर सोडला नव्हता, त्याच्या मनावर या आघाताचा परिणाम झाल्यावाचून राहिला नाही. त्यांचे मन भक्तीकडे अधिकाधिक वळले होते. नाशिकला पंचवटीत त्यांनी रामनाम-आधार आश्रम स्थापन केला होता. तेथे ते रामनामात रमू लागले. त्यांची अनेक अपत्ये बालपणीच दगावली होती. उरलेला एकुलता मुलगा दत्तात्रेय याला वाढविणे, ही त्यांची मोठी काळजी होती. 21 ऑगस्ट 1931 रोजी मिरज येथे त्यांचा देहान्त झाला. ज्या गावी त्यांना गाणे मिळाले, त्याच गावी ते थांबले.

इमारत गेली होती. पण नऊ-नऊ वर्षे शिकून तयार झालेली माणसे कोणाला लिलावात काढता येणार नव्हती. त्याच वर्षी शिष्य अहमदाबाद येथे जमले आणि त्यांनी गंधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. 8 मे 1932 रोजी विनायकराव पटवर्धनांनी पुण्यात गंधर्व महाविद्यालय सुरू केले. देवधरांनी तर 1925 मध्येच मुंबईत स्वतःचे संगीत विद्यालय काढले होते. पुढे त्याच विद्यालयात कर्नाटकातून आलेला एक लहान मुलगा शिकला आणि कुमार गंधर्व म्हणून विख्यात झाला. अखिल भारतीय गंधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आज देशभर होतात. प्रारंभिकपासून विशारद आणि अलंकारपर्यंत त्यांच्या पायऱ्या आहेत. मूल कुरुंदवाडचे असो की पुण्याजवळच्या ताथवड्याचे, गवयाचे असो की कामगाराचे, अर्ज भरून आणि शुल्क देऊन त्याला या परीक्षेस बसता येते. राजाची चिठ्ठी लागत नाही.

वडील वारले तेव्हा दत्तात्रेय अवघा दहा वर्षांचा होता. त्याला शिकविण्याचा भार पंडितजींच्या शिष्यांनीच उचलला. विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांनी, गुरूंकडून मिळालेले गाणे गुरुपुत्राच्या गळ्यात उतरविले. 1935 साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, पंजाबातील जालंदर येथे भरणाऱ्या हरिवल्लभ संगीतसंमेलनात या मुलाने पहिल्यांदा मोठ्या सभेपुढे तंबोरे जुळवून षड्ज लावला. हाच मुलगा पुढे पंडित द. वि. पलुसकर या नावाने प्रसिद्ध झाला.